व्हॉइस दादांना गेला

आमच्या बिडकीनच्या घरात वडलांना बाबा, पप्पा असलं कुणी म्हणत नाही. चुलते त्यांना दादा म्हणायचे, ते ऐकून आम्ही पोरंही दादाच म्हणायला शिकलो. पुढं मी शहरात कॉलेजला आले, तर तिथं एक वर्ष पुढं असलेला जो तो दादा. नोट्स पाहिजेत, विचार दादाला. नेट चालंना, दाखव दादाला. माझ्या फोनमध्येही दोन दादा होते, एक नुसता "दादा" अन् एक "दादा कॉलेज". यात काही घोळ होईल असं मला कधी वाटलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होते. शहरातल्या छावणी भागात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे. ती मुसलमान घरातली, मराठी अन् हिंदी एकाच वाक्यात बोलणारी. त्या दुपारी आम्ही डबा उघडून बसलो होतो. ती एका हातानं फोन बघत होती. एकदम थांबली अन् म्हणाली, "अगं, ये तू है क्या?"

मीच होते. गॅदरिंगचा साडीतला फोटो, खाली माझं नाव, अन् त्याखाली जे लिहिलं होतं ते मी आजही कागदावर उतरवणार नाही. कुणीतरी माझ्या नावानं खोटं खातं उघडलं होतं. वर्गातली निम्मी पोरं त्यात आधीच जोडलेली. मी माझा फोन उघडला तर त्याच खात्यावरून मला निरोप आलेला: उद्या भेटायला ये, नाही आलीस तर हे सगळं तुमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो.

घास तोंडात नुसता फिरायला लागला. गावच्या ग्रुपवर कोण नाही? पिठाच्या गिरणीवाल्यापासून माझ्या तिन्ही चुलत्यांपर्यंत सगळे. अन् आमच्या घरात अशा गोष्टीचा निकाल एकदा लागून गेला होता. चुलत बहिणीनं मैत्रिणींबरोबर नाचतानाचा एक साधा व्हिडिओ टाकला, कुणीतरी तो दादांना दाखवला. दादा थोरले. ते ओरडले नाहीत, काही नाहीत, "बास झालं कॉलेज" एवढंच म्हणाले. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. तिचा तर नुसता नाच होता, माझं हे असलं! माझं कॉलेज संपलं म्हणून मी तेव्हाच धरून चालले.

मैत्रीण म्हणत होती, "रो मत गं, आधी स्क्रीनशॉट काढ." मला काही ऐकूच येईना. एकच सुचलं, कॉलेजच्या दादाला सांगायचं. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं. नावात "दादा" टाकलं, वर जे आलं त्यावर बोट ठेवलं अन् रडत रडत व्हॉइस पाठवला. "दादा, कुणीतरी माझ्या फोटोचं घाणेरडं खातं उघडलंय. भेटायला बोलावतोय. तू काहीतरी कर ना. आमच्या घरी दादांना कळलं तर संपलंच रे. मी मरूनच जाईन, खरंच सांगते."

पाठवून झाल्यावर वरचा फोटो दिसला. फेटा बांधलेला, माझ्या मामाच्या लग्नातला. आमच्या दादांचा.

मी किंचाळलेच. पुसायला गेले तर घाईत नको तेच दाबलं. व्हॉइस माझ्या फोनमधून गेला अन् त्यांच्या फोनमध्ये तसाच राहिला. त्यांनी तो ऐकला की नाही हे कळायची निळी खूणसुद्धा माझ्याजवळ उरली नाही. मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला, ये क्या किया तूने!"

बिडकीनला दादांचं खताचं दुकान आहे. दुकानापुढच्या बाकड्यावर दुपारी चार माणसं बसलेलीच असतात. अन् दादा व्हॉइस कधी कानाला लावून ऐकत नाहीत. स्पीकर मोठा करून फोन तळहातावर आडवा धरतात, मग शेजारचेही मान पुढं करून ऐकतात. माझ्या डोळ्यापुढं तो बाकडा येत होता. माझं रडणं त्या बाकड्यावर वाजतंय अन् माणसं एकमेकांकडं बघतायत.

मी फोन समोर ठेवून बसले. वाटत होतं आता वाजेल, शिव्या बसतील, काय व्हायचं ते होऊन जाईल. फोन वाजलाच नाही. आईचाही नाही, चुलत्यांचाही नाही. त्या गप्प फोननं मला जेवढं भेदरवलं तेवढं त्या खोट्या खात्यानंही भेदरवलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, तूच कर ना फोन. माझी छाती झाली नाही.

अन् मग खाली मोटारसायकल थांबली. तो आवाज मी झोपेतही ओळखते. दादा जिना चढून दारात उभे राहिले. अंगावर दुकानातलाच शर्ट, पायात घरातली चप्पल. माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "कागदपत्रं घे. आधार कार्ड घे. चल."

मी पिशवीत हाताला येईल ते कोंबलं. मैत्रीण माझा हात सोडेना. तिला वाटत होतं मी परत येत नाही, मलाही तेच वाटत होतं.

गाडीवर मी त्यांच्यामागं बसले, पण त्यांना धरलं नाही. घरी जायचं तर स्टेशनकडून पैठण रोड धरायला पाहिजे. गाडी तिकडं वळली नाही. लोखंडी पुलावरून सरळ पुढं गेली. पोलिसांच्या सायबर ऑफिसपुढं त्यांनी स्टँड लावला तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. मला वाटलं, आता मलाच पोलिसांपुढं उभं करतात का काय!

आत एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"दादा," मी म्हणाले.

"भाऊ?"

"नाही. वडील."

त्यांनी फोन दाखवायला सांगितला तेव्हा माझा हातच उचलेना. दादा उठले. "मी भाईर बसतो. तू सगळं सांग मॅडमला," म्हणाले अन् गेले. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, खातं बंद करायला लावतो म्हणाल्या, अन् त्या माणसाला एक शब्दही लिहायचा नाही, भेटायला तर जायचंच नाही, हे दोनदा बजावलं.

बाहेर रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. दादांनी दोन चहा सांगितले अन् फोन माझ्यापुढं धरला. "हे पुसून दे. घरात पोरं फोन घेत्यात." मग म्हणाले, "दुकानात लावला होता. तुझा रडका आवाज आला तसा लगेच बंद केला. मागं गोदामात जाऊन कानाला लावून ऐकला सगळा."

मी व्हॉइस पुसला. आता या वेळी नक्की पुसला.

"लई भ्याली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याला?"

खोटं माझ्या ओठावर आलं होतं. "तुम्हाला," मी म्हणाले.

ते खाली मान घालून बसले. मला आता राग यायला लागला, इतका वेळ जीव टांगणीला लावल्याचा. "मग एक फोन तर करायचा, दादा! ओरडायचं होतं तर ओरडायचं. मी तिथं मरत होते."

"कसा करू?" ते म्हणाले. "मरून जाईन म्हनली तू. माझं नाव दिसलं अन् तू काही करून बसली असती तर? गाडी कशी आणली मला ठावं नाय. जिन्यात बी वाटत होतं, दार आतून लावलेलं असंल."

त्यांच्या हातातला चहा हिंदकळून शर्टावर सांडत होता. आमच्या दादांना कुणाची भीती वाटताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. आज त्यांना भीती वाटत होती, ती माझी.