फ्लोअर बंद झाल्यावर

नोकरीला लागलो तेव्हा माझी पस्तिशी उलटून गेली होती. तोवर मी मामांचा माणूस होतो. मामा शेअर दलाल, आणि पुण्याच्या शेअर बाजारात फ्लोअरवर उभं राहून त्यांच्या वतीने सौदे करणारा मी. बी.कॉम. झाल्या झाल्या आईने मला त्यांच्या हवाली केलं होतं. तळहात स्वतःकडे वळवला की घेतो, बाहेर वळवला की विकतो. बाकी सगळं ओरडणं. संध्याकाळी घरी आलो तरी तो आवाज उतरलेला नसायचा. बायको म्हणायची, "अहो, हळू बोला. मीठ मागताय, भाव पुकारत नाही आहात."

मग कॉम्प्युटरवर सौदे सुरू झाले. फ्लोअरवरची माणसं हळूहळू कमी होत गेली. शेवटी शेवटी आम्ही तिथे नुसतेच चहा पीत उभे असायचो. मामांनी ऑफिसात कॉम्प्युटर घेतला. त्यांना माऊस जमेना, मला जमला. पण समोरचा माणूस किती घायकुतीला आलाय ते फ्लोअरवर त्याच्या मानेवरच्या शिरांवरून कळायचं. पडद्यावर नुसते आकडे.

एका दुपारी मामांनीच विषय काढला. "तू आता नोकरी बघ."

"का? माझं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर झापला असता. इथे दोघांपुरतं काम उरलेलं नाही."

मी "बरं" म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की मामाही माझ्याकडे बघत राहिले.

त्यांच्याच एका ग्राहकाच्या ओळखीने विश्रांतवाडीच्या पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फायनान्स विभागात लागलो. माझ्या साहेब म्हणजे एक सीए बाई, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला झटपट निर्णय घ्यायची सवय. इथे एकेका निर्णयाला महिना लागतो. जमेल?"

"जमेल."

"कंटाळा नाही येणार?"

"आला तर आला."

त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मी फोनवर बोलत असताना त्या टेबलाशी आल्या. "सर, जरा हळू. पलीकडे अमेरिकेचा कॉल चालू आहे." अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. त्यानंतर मी आवाज उतरवला, तो इतका की घरी बायको पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" विचारायला लागली.

काम अवघड नव्हतं. कुठल्या विभागाने किती खर्च ठरवला होता, प्रत्यक्षात किती झाला आणि फरक का पडला, हे लिहायचं. फ्लोअरवर 'का' कुणी विचारत नसे. इथे सगळा वेळ त्यातच जायचा. पगार वेळेवर यायचा. सासरे खूश होते. मला वाईट वाटेल अशी मी वाट बघत होतो, पण तसं काही झालं नाही. बरंही वाटलं नाही.

पुढे एकदा बाजार कोसळला. सॉफ्टवेअरचे शेअर तर आपटलेच. दुपारी कॅन्टीनमधल्या टीव्हीभोवती सगळी पोरं जमली होती. एकाने मला हाक मारली. "सर, तुम्ही तर मार्केटमधले. आता काय होणार?"

पूर्वी असे आकडे बघून मी आधी फोनकडे धावलो असतो. मी बघितलं, "माहीत नाही" म्हणालो आणि डबा उघडला. फ्लॉवरची भाजी होती. ती सगळी खाल्ली. मग मामांना फोन केला.

"ग्राहक फोन उचलत नाहीत," ते म्हणाले. "तू जेवलास का?"

काही महिन्यांनी त्यांनी ऑफिस बंद केलं. आवराआवरीला मी गेलो. भंगारवाल्याच्या टेम्पोत कपाटं चढली, खुर्च्या चढल्या. मामांची खुर्ची चढताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला. ठेवायला हवा म्हणून ठेवला. माझं लक्ष टेम्पोच्या दोरीकडे होतं. गाठ सैल वाटत होती.

त्यांना कात्रजला घरी सोडायला रिक्षा केली. स्वारगेट मागे पडलं.

"तुमच्या ऑफिसात म्हणे आवाज नसतो?" मामांनी विचारलं.

"एसीचा असतो."

"मग दिवसभर करता काय?"

मी समजावून सांगितलं. खर्चाचा अंदाज, प्रत्यक्ष खर्च, फरकाची कारणं. पटत नसलेल्या ग्राहकाचं ऐकावं तसं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

घरी मामींनी पोहे केले. "रमलास का रे तिकडे?" त्यांनी विचारलं.

"हो, मामी."

मामा माझ्याकडे बघत होते. मी बशीतले पोहे संपवले, आणखी थोडे मागून घेतले. अंधार पडायच्या आत मला विश्रांतवाडीला घरी पोहोचायचं होतं, म्हणून चहा पिऊन लगेच निघालो. बस रिकामी होती. खिडकीशी बसलो, आणि सोमवारच्या बैठकीत काय सांगायचं ते मनात जुळवत राहिलो.