फोल्डरखालच्या याद्या

पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसचं ऑफिस मी सांभाळायचो, तेव्हा तो एकदाच आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, कळवणकडचा, पस्तिशीचा. त्याने चप्पल दाराबाहेर काढली आणि कीबोर्डला हातही न लावता विचारलं, "सकाळी आधी कोणतं मशीन चालू करता?"

पॅकिंगच्या याद्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असायच्या. हॉलमधल्या लिनक्सच्या मशीनवर तेच फोल्डर नेटवर्कने जोडलेलं होतं. त्या दिवशी तीन याद्या गायब होत्या, कंटेनर फाटकात उभा होता, आणि याद्या पुसल्या म्हणून मी हॉलमध्ये याद्या करणाऱ्या सुनंदाताईंना नाही नाही ते बोललो होतो.

"हॉलमधलं," मी म्हणालो. "ऑफिसचं पूजा झाल्यावर."

"मग हॉलमधलं उठतं तेव्हा ऑफिसचं झोपलेलं असतं. फोल्डर जोडलं जात नाय, नुसतं रिकामं दिसतं. ताईंनी त्यातच याद्या ठेवल्या. नंतर तुम्ही ऑफिसचं फोल्डर जोडलं, ते त्या रिकाम्यावर येऊन बसलं. याद्या खाली हायत."

त्याने वर बसलेलं ऑफिसचं फोल्डर सोडवलं. तिन्ही याद्या जागच्या जागी होत्या.

"ताईंना सांगता का," मी म्हणालो, "त्यांची चूक नव्हती म्हणून?"

तो चप्पल घालत होता. "मी मशीनसाठी आलतो, साहेब. ते तुम्हीच सांगा. फाटकातच ऐकलं मी. सगळ्यांसमोर बोलला होता ना?"

हॉलमध्ये घडांवर कात्र्या चालू होत्या. सुनंदाताईंच्या टेबलापर्यंत जायला मला फार वेळ लागला. परत आलो तेव्हा तो निघून गेला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.