रविवारचं अंडं स्लॅबला

चर्चच्या स्लॅबसाठी वर्षभर दारोदार फिरलो. पैसे कमी जमले, किस्से जास्त. चर्चच्या गळक्या पत्र्यासारखंच झालं. एक भोक बुजवलं की शेजारी दोन नवीन! मी चौथी शिकलेला, रेल्वेत गँगमन होतो. गोड बोलणं मला जमत नाही. म्हणूनच हे काम माझ्या गळ्यात आलं.

*

आमचे पाळकसाहेब तरुण आणि भारी मऊ. दर रविवारी सांगायचे, "स्लॅबसाठी वचनाचं कार्ड भरा, काय देणार ते लिहा, पण प्रार्थना करून, विचार करून." बठ्ठे लोक, झाडून सगळे, प्रार्थना करत बसले. पावसाळा गेला, तरी विचार संपेना!

मग एका रविवारी मीच उभा राहिलो. "ज्याच्या डोक्यावर पाणी गळतं, त्याने हात वर करा!" सगळे हात वर.

"आता ज्याने कार्ड भरलं नाही, त्याचाच हात वर राहू द्या."

एकही हात खाली आला नाही. पाळकसाहेबांचा पण!

*

आमच्यातल्या नानाची रावेरकडे केळीची बाग. भाव पडला तेव्हा गेलो, तर म्हणे, "आबा, भाव नाही." भाव चढला तेव्हा गेलो, तर म्हणे, "आबा, माल नाही." तिसऱ्यांदा ट्रक भरत असतानाच जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "भाव आहे, माल आहे. आता तूच घरी नाहीस म्हण!"

निमूट कार्ड भरून दिलं. घरी येऊन चष्मा लावून वाचतो तर काय, "स्लॅब झाल्यावर एक पावसाळा बघून देईन. गळला तर नाही."

*

एक रिटायर मास्तर आहेत. त्यांना भिंतीत आपल्या नावाचा दगड पाहिजे. नाव, आडनाव, तीन डिग्र्या, दोन पदं. मी दगडवाल्याकडे भाव काढून आलो.

म्हटलं, "मास्तर, तुमच्या देणगीत नुसत्या डिग्र्याच कोरून होतात. नाव टाकायचं असेल तर देणगी वाढवा!"

*

शांताअक्का आमच्यात सगळ्यात म्हातारी. घरात ती आणि एक कोंबडी. माझ्याकडून कार्डावर लिहून घेतलं, "रविवारचं अंडं देवाचं."

म्हटलं, "अक्का, अंड्याने स्लॅब पडतो का?"

"तू लिख रे भाऊ!"

कोंबडी बिलंदर. शनिवारी अंडं, सोमवारी अंडं, रविवारी टोपली कोरडी! नाना म्हणाला, "ही पाळकसाहेबांपेक्षा कडक. विश्रामवार पाळते!" सगळे हसले. अक्का हसली नाही.

मी म्हटलं, सोमवारचं दे. तर मलाच बोलली, "मी रयवारनं बोलनू. देवले फसाडू का?"

कापणीच्या सणाला, ज्यांनी वचन पाळलं त्यांची नावं वाचतात. अक्काने हळूच विचारलं, "मनं नाव येई का, भाऊ?" एरवी मी कोणाला ऐकत नाही. त्या दिवशी खाली बसून कोंबडीलाच दाणे टाकले.

*

सण रविवारी आला. मिस्त्री दाराशीच बसलेला. सळ्यांचे पैसे आज निघाले नाहीत, तर तो दुसरं काम धरणार होता.

सणाला आमच्यात घरचा माल आणतात, त्याचा लिलाव होतो. घेणारा पैसे भरून वस्तू परत देतो, पुन्हा बोली लागते. अक्काने टोपलीतून कोंबडीच आणली. "अंडं नई देस, मंग तीच देवनी."

मी पाचशे बोललो. नाना ताडकन उठला, "हजार!" घेतली आणि टोपलीसकट टेबलावर परत ठेवली. मास्तरांनी घेतली, परत ठेवली. मी घेतली, परत ठेवली. नानाने खिशातून काही तरी काढून फाडलं. बघतो तर त्याचं कार्ड! "पावसाळा गेला खड्ड्यात. पाच हजार!"

मिस्त्री उठला आणि टेप काढून भिंत मोजायला लागला.

पुढच्या बोलीसाठी पाळकसाहेबांनी कोंबडी उचलली. खाली टोपलीत अंडं!

पाळकसाहेबांनी घाईघाईने नावांची यादी काढली, पेन उघडलं. "अक्का, तुमचं नाव लिहितो."

अक्काने अंडं पदराने पुसलं, उजेडात धरून पाहिलं.

"थांबा साहेब. हाई मागला रयवारनी उधारीमा गयं. आजनं बाकी शे."