साखराबाईचा खुंट

खडकजवळग्याच्या साखराबाईला बसून बोलायची सवय न्हाई. पाटी उचलता उचलता, लाकडं फोडता फोडता बोलणार. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या पाझर तलावावर वीस बायांची टोळी तिच्या हाताखाली होती. तेव्हा चढलेला आवाज खाली आलाच नाही. आता पन्नाशी ओलांडली, गुडघे वाजतात, तरी बुद्धवाड्यात भांडण लागलं की पहिलं बोलावणं तिलाच.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. जिल्हा जवळ आला आन् पाऊस लांब गेला. लागोपाठ दोन सालं कोरडी. अशात नव्या जिल्ह्यानं गावाला हातपंप मंजूर केला. एकच. पाणी बघणारे साहेब आले, वरच्या गल्लीत, बाजारगल्लीत आणि बुद्धवाड्यात चुन्याच्या फुल्या मारल्या, "तिन्हीकडं पाणी हाय, कुठं घ्यायचं ते तुमी ठरवा," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. ग्रामसभा तीनदा भरली, तीनदा मोडली. बोअरची गाडी सोमवारी येणार होती. जागा ठरली नाही तर गाडी चाकूरकडच्या दुसऱ्या गावाला जाणार.

गावची विहीर वरच्या गल्लीत. साखराबाईची सासू त्या विहिरीजवळ घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर भरून आणायची. साखराबाईला आता कुणी अडवत नव्हतं, ती स्वतः शेंदत होती. पण विहिरीनं तळ गाठला तसे त्या गल्लीतले हंडे आधी लागायचे आणि हिची बारी यायला दुपार व्हायची. पंपही तिथंच गेला तर मरेपर्यंत त्याच दारात उभं राहायचं. ते तिला नको होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

तोड काढली ती शाळेच्या विरूपाक्ष गुरुजींनी. गुरुजींना गावचा इतिहास वहीत उतरवायचा नाद. ते म्हणाले, "भांडू नका, खेळा. मी गावात चिठ्ठ्या लपवतो. एका चिठ्ठीवरून दुसरी सापडेल. कोडी आपल्याच गावाच्या इतिहासाची. शेवटी शाळेची घंटा वाजवायचा लोखंडी टोला ठेवतो. ज्या गल्लीच्या हाती टोला, तिच्या फुलीवर पंप."

कोर्टात जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून गाव कबूल झालं. गल्लीमागं दोन माणसं. वरच्या गल्लीकडून बहात्तरचा मुकादम नरसिंग आणि त्याची बायको पार्वतीबाई, बाजारगल्लीकडून फारूक शिंपी आणि बसवराज किराणावाला, बुद्धवाड्याकडून साखराबाई आणि तिचा दीर भीमा.

रविवारी सकाळी आठला शाळेपुढं सुरुवात झाली. पहिली चिठ्ठी निजामाच्या करोडगिरी नाक्याची होती. तिथं गाडीवाल्यांना थांबवून जकात घ्यायचे, त्या जागेवर आता नुस्ता कडुनिंब उरलाय. तिन्ही जोड्या सोबतच पोचल्या. तिथल्या दुसरीनं नेलं रझाकारांच्या साली ज्वारी लपवलेल्या जमिनीखालच्या पेवाच्या तोंडाशी. तिथं निघालेली तिसरी, शेवटची, मात्र अवघड होती. भीमा चौथी शिकलेला, त्यानं मोठ्यानं वाचली:

"बहात्तर साली सगळ्या गावाचं काम ज्यानं खरं सांगितलं, कधी खोटं बोलला नाही, तो अजून उभा आहे. त्याच्या डोक्यात बघा."

नरसिंग मुकादमानं छाती काढली. "हे तर मीच की! सगळ्यांची हजेरी म्याच लिवली." त्यानं पटका सोडून झटकला, पाच हात कापड मातीत लोळलं, पण आत काही न्हाई. पार्वतीबाईनं टाळूसुद्धा चाचपली. "घाम हाय नुस्ता," ती म्हणाली.

"पाऊस मोजायचं यंत्र!" फारूक ओरडला. "वो झूट नहीं बोलता!" तो आणि बसवराज चावडीकडं पळाले.

साखराबाई जागेवरच उकिडवी बसली.

"वैनी, बसू नका. तलावातला खुंट असंल का?" भीमा म्हणाला.

तलावासाठी माती काढताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता ठेवायचे. खुंटाच्या डोक्यावर पहिल्या जमिनीची हराळी तशीच असायची. मुकादम खुंटाला काठी लावायचा, किती हात खोदलं ते कळायचं, तशी मजुरी. बाकीचे खुंट पाण्यानं विरघळले. एकच राहिला होता, साखराबाईच्या टोळीचा.

"तो न्हवं," साखराबाई म्हणाली. "तो खुंट खोटं बोललाय."

"म्हंजी?"

"म्या बोलायला लावला. हराळी अल्लाद काढली, खाली दीड हात मुरूम चढवून चोपला, वर हराळी पुन्हा बसवली. जेवढं खोदलं त्याच्यापेक्षा दीड हात जास्ती दिसलं. टोळीत तीन बाया पोटुशा होत्या, पाट्या निघंनात. काय करणार?"

मग खरं कोण बोललं असंल? मुकादम न्हाई. तलाठी न्हाई. त्या साली खरं बोलून कुणाचं भागलं नव्हतं. एकेक नाव आठवून ती सोडत गेली. चांगली अर्धी घटका अशी गेली. तेवढ्यात नरसिंग पटका गुंडाळून मारुतीच्या देवळामागच्या वीरगळीच्या उभ्या दगडाकडं निघाला.

भीमाला राहवलं नाही. "वैनी, त्या साली गुरुजी कुठं होते वो?"

"नांदेडला. मास्तरकीचं शिकत होते."

"मंग त्यांला काय ठावं, खुंट खोटा हाय म्हणून?"

साखराबाईनं कपाळावर हात मारला. "मायला! उठ, उठ!"

गुडघे विसरून ती तलावाकडं निघाली. तिला तिकडं जाताना पाहून नरसिंग मागं फिरला. कोरड्या तलावाच्या भेगांवरून ती पुढं, भीमा मागं, त्याच्या मागं मुकादम, पार्वतीबाई आणि निम्मं गाव. पुरुषभर उंचीच्या त्या खुंटावर वाळलेली हराळी टोपीसारखी बसली होती. साखराबाईनं भीमाच्या पाठीवर पाय दिला, हराळीचं ढेकूळ उपटलं आणि हात घातला. टोला निघाला.

ढेकळासोबत खुंटाची एक कडाही ढासळली. आत पांढरा मुरूम आणि वर दीड हात तांबडा. दोन्हींच्या मधली रेघ कुणालाही दिसली असती.

नरसिंगाला तर दिसलीच. "हे काय गं साखरे? दीड हात चढवलंय! गुरुजी, चिठ्ठीत काय लिवलंय तुमी? कधी खोटं बोलला न्हाई. हा तर लबाड निघाला. कोडंच खोटं. खेळ रद्द!"

गुरुजी धोतर सावरत पोचले होते. त्यांनी रेघ पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. "साखराबाई, हे तुम्ही केलं?"

नाही म्हणता आलं असतं. चौदा वर्षांत कुणीही काही केलं असेल, उंदरानं म्हणा, पाण्यानं म्हणा. सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघत होतं. टोला तिनं पदरात घट्ट धरला.

"हाव. म्याच केलं. पाटीवर पाटी म्याच टाकली." ती नरसिंगाकडं वळली. "आन् मोजायची काठी कोणाच्या हातात होती, मुकादम? पांढरा मुरूम तांबडा कामून झाला, हे तुमाला दिसंना?"

"मला काय सपान पडतंय?"

"गप ऱ्हावा आता," पार्वतीबाई मागून म्हणाली. तिचा पदर डोक्यावर होता, आवाज मात्र खणखणीत. "माझ्या टोळीचा खुंट दोन हात चढवला होता. हराळी नीट बसवा, साहेब येणार हाय, असं कोण सांगून गेलं होतं?"

आधी बाजारगल्लीतून हसू आलं. मग सगळीकडून. ज्याला त्याला आपापल्या टोळीचा खुंट आठवायला लागला. कुणाचा हातभर, कुणाचा दोन हात. नरसिंग पटका पुन्हा सोडून पुन्हा बांधत बसला.

गुरुजींनी ती रेघ बोटानं चाचपली. मग म्हणाले, "माझी वही चुकली. पण टोला ज्याच्या हाती त्याचा पंप, हे आपण आधीच बोललो होतो." त्यांनी साखराबाईकडून टोला घेतला नाही. "शाळेत आणून द्या. पण आधी घंटा तुम्ही वाजवा."

सोमवारी गाडी आली. दीडशे फुटांवर ओला गाळ, एकशे ऐंशीवर पाणी.

पंप बसल्यावर चौथ्या दिवशी पार्वतीबाई दोन घागरी घेऊन बुद्धवाड्यात आली. पुढं पाच बाया होत्या. ती थांबली, कुणी पुढं ये म्हणालं नाही, तिनंही मागितलं नाही. बारी आली तेव्हा साखराबाई पंपाच्या ओट्यावर बसून मिसरी घासत होती.

"साखराबाई, जरा दांडा मारता का?" पार्वतीबाईनं विचारलं.

"तुमीच मारा की," साखराबाई म्हणाली. "माझे गुडघे दुखून राहिलेत." मग ओट्यावरून थोडी सरकली. "पयले दहा हात नुस्ती हवा येती. दम सोडू नका."