आत्यांच्या रानातला जोंधळा

जोंधळा भरात आला की आत्या कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं गाठोडं बांधून रानात शिरायच्या आणि निवडक ताटांना एकेक चिंधी बांधत जायच्या. माकणीतल्या त्यांच्या माळावरच्या तुकड्यात लांबूनही लाल-निळे ठिपके दिसत. येणारे-जाणारे हटकायचे, "आत्या, लगीन कुणाचं?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "तुझं न्हाय. तुझ्या नातवाच्या भाकरीचं." चिंधीचं कणीस बियाचं. हुरड्यालासुद्धा ते कुणी तोडायचं नाही.

आत्या त्या गावच्याच लेक. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतल्या, तेव्हा भावानं माळावरचा तो तुकडा त्यांना कसायला दिला. भावाच्या मुलांबरोबर सगळं गावच त्यांना आत्या म्हणू लागलं. पुढं धरण झालं, खालची रानं उसाला गेली. माळावर पाणी चढलं नाही, आणि त्याबद्दल आत्यांनी कधी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा शेतकी खात्यात नवा होतो. परदेशातल्या एका बीजपेढीसाठी जुन्या वाणांचे नमुने गोळा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. अनेक देशांनी मिळून चालवलेली ती पेढी. कोणत्याही देशानं मागितलं की तिथून मूठभर बी मिळतं. मी आत्यांच्या रानात गेलो आणि बांधालगतचं सगळ्यांत टपोरं कणीस मोडून घेतलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "ह्येला बांधाचं पाणी घावलं म्हणून ह्ये मोठं झालं. त्यात ह्येचं काय?" मग मला वर, मुरमाड उंचवट्यावर नेलं. तिथली कणसं मध्यम होती, पण बाकीचं रान वाळत चाललेलं असताना त्या ताटांची पानं हिरवी होती. "मोठं खायाला. बियाला त्ये घ्यावं, जे वल सपल्यावरबी उभं ऱ्हातं." कॉलेजात शिकून मला जे कळलं नव्हतं, ते बांधापासून त्या उंचवट्यापर्यंत चालताना कळलं.

बी त्या विकत नसत आणि मोजूनही देत नसत. मागणाऱ्याला ओंजळभर. माझ्याकडचं बी कुठं जाणार हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "मागंल त्येला देत्यात? जात, गाव न इचारता?" मी हो म्हणालो. "मग न्या." पिशवीत ओंजळ रिकामी करून त्यांनी एकच गोष्ट बजावली. "कुणाच्या रानातलं, कसं निवडलं, त्ये संगं लिहून द्या. नुसतं बी मुकं असतंय."

ते मी लिहिलं नाही. आज हे सगळं लिहायला बसलो, ते त्यासाठीच.

नमुन्याच्या फॉर्मवर शेतकऱ्याच्या नावाचा रकाना होता. आमच्या खात्यात शेतकरी म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो. सातबारा भावाच्या नावावर, आणि भाऊ तर त्या जोंधळ्याला नावं ठेवणारा. त्याचं नाव घालणं मला खोटं वाटलं. आत्यांचं नाव रानाच्या कोणत्याच कागदावर नव्हतं. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म परत येणार. मी तिथं स्वतःचं नाव घातलं आणि ठिकाण म्हणून तालुक्याचा बाजार लिहिला. पहिल्यांदा तो आळस होता. नंतर मला तिथल्या माझ्या नावाची गोडी लागली.

बऱ्याच वर्षांनी पेढीचं पत्र आलं. आफ्रिकेतल्या एका कोरडवाहू देशात पाऊस लवकर थांबला तेव्हा बाकीचा जोंधळा आडवा झाला, पण माझ्या नावच्या नमुन्यापासून तयार केलेला उभा राहिला होता. तिथल्या बायका आता तोच पेरत होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी माझा सत्कार झाला. खांद्यावर शाल पडली तेव्हा मला आत्या आठवल्या. मी शाल घेतली.

त्या देशातली एक शेतकरीण पेढीच्या शास्त्रज्ञाबरोबर आपल्याकडे आली, तेव्हा दाखवायला रान हवं म्हणून मी त्यांना माकणीला नेलं. ही बाई तुमच्याच बियाचा जोंधळा पेरते, एवढं मी आत्यांना मराठीत सांगितलं. पाहुणीचं बोलणं शास्त्रज्ञ इंग्रजीत सांगे, मी मराठीत. पण त्या दोघींना आमची फारशी गरज नव्हती. पाहुणी दाणा दाताखाली फोडून बघत होती, आत्या तिच्या तळहातावरचे घट्टे बघत होत्या. आत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दाण्याबद्दल नव्हता. "कडबा कसा पडतो? जनावरं खात्यात का?" पाहुणी हसली आणि हातवारे करून सांगू लागली, की साहेब लोक येतात ते दाणाच मोजतात, कडब्याचं हिनंच पहिल्यांदा विचारलं. आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शानी हाय बाई. घरी जेवल्याबिगर सोडू नगा." इतक्या ऐटीत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या माळावरचं बी समुद्रापलीकडं लेकरांच्या पोटात गेलं होतं, आणि तिथली बाई त्यांच्या बांधावर उभी होती.

मग पाहुणीनं चिंध्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे बी मुळात या बाईंचं आहे का?

शास्त्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्यांना सांगितलं, पाहुण्या विचारतात, औंदा पाऊस कसा झाला. आत्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि पावसाबद्दल बोलल्या. मी इंग्रजीत सांगितलं, नाही, बी यांना आमच्या खात्याकडून मिळालं.

करोनाच्या आदल्या हिवाळ्यात आत्या गेल्या. मी मातीला गेलो होतो. मागच्या मागं उभा राहून परत आलो.

गेल्या वर्षी मी पेढीला सगळं खरं लिहून कळवलं. त्यांनी पुरावा मागितला. तो घ्यायला मी माकणीला गेलो आणि आत्यांच्या भाचेसुनेसमोर, शारदासमोर, घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. ती जोंधळा पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही.

"आमाला ठावं हाय, साहेब," ती म्हणाली. "पाव्हणी गेली त्याच दिशी आत्या म्हणल्या, तिचं बोट चिंध्यांकडं हुतं, साहेबाला पावसाचं कायबी पडलेलं न्हवतं."

मग तुम्ही कुणी बोलला का नाही, मी विचारलं.

"ह्यांनी तुमाला गाठून इचारायचं ठरवलं हुतं. आत्यांनी अडवलं. म्हणल्या, बी पोचलं न्हवं? उद्या साहेबावर ठपका आला आन् पेढीवाल्यांनी बी देणं बंद केलं, तर ती बाई काय पेरंल? गप ऱ्हावा."

मग शारदानं सूप खाली ठेवलं आणि घरातून आत्यांचं मतदान ओळखपत्र आणून दिलं. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. एकानं सही केली, तिघांनी अंगठे उठवले. सातबाऱ्याचं कुणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात दुरुस्त झालेली नोंद आली. मी ती शारदाला वाचून दाखवली. देणाऱ्याचं नाव: गयाबाई. गाव: माकणी. रान: माळावरचं, मुरमाड, कोरडवाहू. निवड: उभ्या पिकात, ओल संपल्यावर हिरवी राहिलेली ताटं. आता जगात कुठंही हे बी गेलं, तर त्याच्याबरोबर हे जाईल. त्या नोंदीत माझं नाव कुठंही नाही. माझ्या सगळ्या नोकरीत अभिमानानं सांगावं असं दुसरं काही माझ्याकडे नाही.