मोठमायनं घासलेले दात

मोठमाय मारायची. झाडू, पळी, ओली दोरी, जे हाताशी येईल त्यानं मारायची आणि मग कोणाला किती लागलं ते पाहायलाही तीच पुढे यायची. ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मी रांगत असतानाच माझी आई गेली, तेव्हापासून मी तिच्याच घरी वाढले. एकदा तलावावर एका दारुड्यानं माझी वेणी ओढली. तिनं शिशाच्या गोळ्या लावलेलं ओलं जाळं त्याच्या तोंडावर असं हाणलं की त्याची भुवई फाटली. मग जखमेत हळद दाबताना त्याला म्हणाली, "हालू नोको भाऊ, नाई तं दुसरीबी फोडीन."

आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. गावात सगळ्यांचे दात तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे. मोठमायचे तेवढे पांढरे. ती वैनगंगेकाठून लग्न होऊन आली होती. चार बाया जमल्या की म्हणायची, "तुमच्या गावात कोणी तोंडच धूत नाई," आणि वर हसून दाखवायची. तिचा उपाय म्हणजे शिंपल्यांची राख. तलावातले शिंपले चुलीत भाजायचे, पाट्यावर वाटायचे, त्यात मीठ घालायचं. रोज सकाळी ती माझं डोकं दोन गुडघ्यांत धरायची आणि बोटानं घासायची. हिरड्यांतून रक्त आलं की म्हणायची, "मळ निघून राह्यला." मळ काही निघत नव्हता. म्हणून ती आणखी जोरात घासायची.

मला पाहायला पहिले पाहुणे गडचांदूरहून आले. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात कामाला. मी मान खाली घालून चहा दिला. मुलाची आत्या म्हणाली, "पोरीनं तोंड तं उघडावं." मी उघडलं. ती मागे सरली. "काऊन वो बाई, पोरगी तंबाखूचा खर्रा खाते का?"

मोठमायनं हातातला ट्रे भिरकावला. बशी आत्याच्या खांद्यावर फुटली. "माह्या पोरीनं अजून सुपारी तोंडात घातली नाई! निंगा इथून!" पाहुणे चपला हातात घेऊन पळाले. पुढचं स्थळ यायच्या आत माझे दात पांढरे करायचे, हे तिनं त्या दिवसापासून धरूनच ठेवलं.

शेजारणीनं मोबाईलवर लिंबू आणि खायचा सोडा दाखवला. आठ दिवस तेही झालं. गार पाण्याचा घोट घेतला की डोक्यापर्यंत कळ जायची. डाग होते तिथेच. मग मोठमाय बाजारातून फरशी धुवायचं ॲसिड घेऊन आली. नव्या फरशीवरचं सिमेंट त्यानं निघतं, मग दातावरचं एवढंसं का निघणार नाही, असं तिचं म्हणणं. तिनं काडीला कापूस गुंडाळला. मी तिचे हात धरले तर दोन थोबाडीत बसल्या. डोकं गुडघ्यांत दाबलं गेलं. कापूस लागला आणि तोंडात आग झाली. ओठाची कातडी पांढरी होऊन सुटली. मी गुरासारखी ओरडले.

"एवढी काऊन बोंबलते?" असं म्हणत तिनं तोच कापूस स्वतःच्या पुढच्या दातांवर फिरवला.

मग तिनं कापूस फेकला. घागर उचलून माझ्या तोंडावर रिकामी केली. मग दुसरी, मग तिसरी. तिच्या स्वतःच्या तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

बल्लारपूरचा दातांचा डॉक्टर तरुण होता. आमची तोंडं पाहून तो आधी रागावला, मग म्हणाला, "बाई, हा मळ नाही. लहानपणी दात तयार होतानाच बोअरिंगच्या पाण्यातला क्षार त्यांच्यात उतरला. डाग आतला आहे. घासून जाणार नाही."

"सोड्यानंबी नाई?"

"चहा-तंबाखूचा असता तर थोडा उतरला असता. पण असं खरवडलं, ॲसिड लावलं, तर दाताचा वरचा थरच जातो. तो पुन्हा येत नाही."

"अन् मोबाईलमधल्या त्या दात पांढरे करायच्या ट्यूबा?"

"आधी दात दाखवायचे, मग विचारून लावायच्या. अशा सोललेल्या हिरड्यांवर तर नाहीच."

मोठमायनं त्याची कॉलर धरली. "मंग माहे कसे पांढरे होते?"

कॉलर न सोडवता त्यानं विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"वैनगंगेकाठचं."

"तुम्ही लहानपणी तिथलं पाणी प्यालात. म्हणून."

तिच्या हातातून कॉलर सुटली. घरी येईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया बोअरिंगच्या हातपंपावर रांगेत असताना ती दगड फोडायचा घन घेऊन तिथे गेली. पहिल्या घावात पंपाचा दांडा तुटला, दुसऱ्यात पंपाचं डोकं वाकलं. "लेकराइच्या तोंडात पाहा आधी!" असं ओरडत ती घाव घालत होती. बायांनी तिचे केस धरले. पुरुष काठ्या घेऊन आले. तिनं दोघांची डोकी फोडली, पण तिचा उजवा हात कोपरात मोडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही. पंप चार दिवसांत दुरुस्त झाला. कोणी तरी पाणी तपासायला नेलं आणि महिन्यानं पंपावर लाल रंग फासला, पिऊ नये म्हणून. गाव पीतच राहिलं, कारण चांगल्या पाण्याची विहीर लांब शेतात. मोठमाय मात्र डाव्या हातानं तिथूनच घागर आणायची.

दोन वर्षांनी माझं लग्न धानोऱ्याकडे झालं. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तिनं अंगठ्यानं माझा ओठ वर केला, पाहिलं आणि म्हणाली, "मीच जाळले."

"तुहेबी तं जळले," मी म्हटलं.

"माह्यावाल्याचं काय घेऊन बसली!"

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. अंगणात निजवल्यावर तिच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली. एका चुलतभावानं तांब्या पुढे केला.

"कुठलं?" मी विचारलं.

"पंपाचं. आता काय फरक पडते तिले?"

मी चार माणसांत कधी बोललेली नाही. मी तांब्या त्याच्या हातातून ओढला आणि दगडावर आपटला. त्याला पोचा पडला, पाणी लोकांच्या पायांवर उडालं. "थांबा," म्हणाले आणि घागर घेऊन शेताकडे निघाले. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि तिरडी कोणी उचलली नव्हती. मी तिच्या ओठांत बोट घालून दात उघडले आणि पाणी घातलं.