घरचा दुधी

पद्मावहिनींचा फोन आला तेव्हा मी पन्हाळ्याला भाचीकडं वास्तुशांतीच्या पंगतीत बसलो होतो. “भावजी, ह्यांस्नी उलटीतनं रगात पडतंय... दवाखान्यात आणलंय,” एवढंच बोलल्या. ताट तसंच सोडून निघालो. पोचलो तेव्हा त्यांचा नवरा, माझा दोस्त शांतूअण्णा, बोलण्याच्या पलीकडं गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्याला आता दीड महिना होईल.

साखर कारखान्यात आम्ही एकाच खात्यात राबलो. मिसळीला कट कमी पडला तर हॉटेलवाल्याशी भांडणारा हा माणूस. पण धाकटा भाऊ कॅन्सरनं गेला आणि ‘त्यानं असं काय खाल्लं?’ हा प्रश्न अण्णाला सोडेना. उत्तरं मोबाईल देत गेला. सफरचंदावर मेण, कलिंगडात इंजेक्शन, तांदूळ प्लॅस्टिकचा... एकदा त्यानं भाताचा गोळा दाबून फरशीवर आपटला. “बघ, उडतोय! प्लॅस्टिक हाय ह्यो!” मी म्हटलं, “लेका, भात चिकट असतोय. तुझ्या आईनं शिजवलेला बी असाच उडला असता की.” त्यानं गोळा उचलून बाहेर फेकला. “तुझा भाऊ गेला असता म्हंजे कळलं असतं,” म्हणाला. भेसळ होतच नाही असं मी कधी म्हटलं नाही. पण खरी भेसळ कुठली, बनावट बातमी कुठली, हे निवडायला जरा थांबावं लागतं. भावाला पोचवून आलेल्या माणसाला तेवढा धीर कुठला...

शेवटी बाजारचं जवळजवळ बंद करून त्यानं परसात दुधीचा वेल लावला. रोज सकाळी पेलाभर रस. त्या दिवशी वहिनींनी बोट बुडवून चाखलं. “कडूजहर हाय वो, टाका ते.” “औषध कडूच असतंय. घरचा दुधी हाय, फवारणी न्हाय, भ्यायचं काय?” म्हणत त्यानं पेला रिकामा केला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा चवच विचारली. दुधीत कधीकधी आपोआप विष तयार होतं, कडूपणा हीच त्याची खूण, आणि त्यावर उतारा नाही, असं त्यांनी सांगितलं.

रक्षाविसर्जन करून घरी आलो तर माझ्या भावकीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता : ‘इंजेक्शनचा दुधी खाऊन कोल्हापुरात एकाचा मृत्यू. सर्वांना पाठवा.’ खाली नमस्काराचे हात. मी लिहिलं, “दुधी परसातला होता. इंजेक्शन नव्हतं. कडू लागला तर थुंकून टाका, एवढंच पाठवा.” एका पाहुण्यानं विचारलं, “तुम्ही इंजेक्शन कंपनीवाल्यांचे काय?” माझा मेसेज कुणीच पुढं पाठवला नाही. तो इंजेक्शनवाला मात्र गारगोटीहून फिरून परत माझ्याच मोबाईलवर आला.

परवा वहिनींकडं गेलो. त्या स्वयंपाकघरात एकट्याच होत्या; मी दारात आल्याचं त्यांना कळलं नाही. काकडीची एक चकती कापून त्यांनी जिभेवर ठेवली, डोळे मिटून थांबल्या. मग रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या, “गोड हाय वो... खावा.”